शिट्टी न वाजवलेली वीस मिनिटं



आपल्या सौंसर-पांढुर्ण्याकडच्या आठवणी निघाल्या की गोटमार येते, संत्र्याच्या बागा येतात, जामसांवलीची मंगळवार-शनिवारची गर्दी येते. बास्केटबॉलबद्दल मात्र कुणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. म्हटलं, आपणच लिहावं. त्यातही मॅचबद्दल नाही लिहीत. मॅचच्या आधीच्या वीस मिनिटांबद्दल लिहितो.

शाळेत पी.टी. शिकवता शिकवता मी तीसेक वर्षं या खेळाची पंचगिरी केली. आमच्याकडे सरकारी कागदावर आम्ही 'निर्णायक', पोरांच्या तोंडी 'रेफरी', आणि माझ्या आईच्या तोंडी 'शिट्टीवाला'. १९५६ ला नागपूर तिकडे गेलं आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून आपलं हे असंच आहे. घरात मराठी, शाळेत हिंदी, नियमाचं पुस्तक इंग्रजी, आणि भांडण ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत.

मॅचच्या आधी दोन्ही टीम वॉर्म-अप करतात ते तुम्ही पाहिलं असेल. रांगेनं धावत येऊन बास्केटखाली चेंडू टाकायचा, परत रांगेत जायचं. त्या वेळी पंच काय करतात? स्कोररच्या टेबलासमोर, पलीकडच्या रेषेवर, हात मागे बांधून उभे असतात. बघणाऱ्याला वाटतं, यांचं काम अजून सुरू व्हायचं आहे. आमच्या शाळेतले एक गणिताचे सर मला दरवेळी म्हणायचे, "तुमचं बरं आहे, अर्धा वेळ उभं राहायचं भत्ता मिळतो."

खरी गोष्ट अशी आहे की आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे, म्हणजे फिबाच्या पुस्तकाप्रमाणे, पंचांचा अधिकार मॅचच्या ठरलेल्या वेळेच्या २० मिनिटं आधी, ते कोर्टवर आले की सुरू होतो. चेंडू उडायच्या आधीच. त्या २० मिनिटांत कुणी गैर वागलं तर त्याला टेक्निकल फाऊल देता येतो, आणि मॅच शून्य-शून्यवरून सुरू न होता एक-शून्यवरूनही सुरू होऊ शकते. हे पुष्कळ प्रशिक्षकांनाही ठाऊक नसतं, पालकांचं तर सोडाच.

मी हे शिकलो नागपूरला. तेव्हा आपलं सगळं नागपूरशीच जोडलेलं. दवाखाना नागपूरला, लग्नाचे कपडे नागपूरला, पंचांचं शिबिरही नागपूरला. तिथे एक ज्येष्ठ पंच होते. मी सौंसरचा म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे जामसांवलीच्या जवळचे?" ते दर वर्षी दर्शनाला यायचे. तुम्हाला माहीत आहेच, आपला जामसांवलीचा हनुमान पिंपळाखाली पहुडलेला आहे. हे पंच म्हणाले, "मग तुम्हाला वेगळं काय सांगायचं? वॉर्म-अपच्या वेळी पंचानं तुमच्या मारुतीसारखं असावं. निजल्यासारखं दिसावं, पण काही नजरेतून सुटू नये." सगळे हसले. मी मात्र ते वाक्य घेऊन घरी आलो आणि पुढे त्याच्यावरच माझी पंचगिरी चालली.

आता न सुटू द्यायचं म्हणजे काय काय, ते सांगतो. पहिलं म्हणजे कोर्ट. आपल्याकडे लाकडी फ्लोअर कुठला, सिमेंटचं कोर्ट. पहाटेचं दव पडलं की घसरडं. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर हवी, पण खांब कलला की एका बाजूची बोटभर खाली. जाळी बहुतेक वेळा अर्धी. मग पोरं. यादीतले नंबर आणि अंगावरचे नंबर जुळतात का? शर्ट चड्डीत खोचलेले आहेत का? ते नियमात आहे. नखं वाढलेली आहेत का? तेही नियमात आहे, कारण ओरखडा डोळ्याजवळ बसला तर पोरगं आयुष्यभर लक्षात ठेवतं. अंगठी, साखळी, कानातलं, कडं यांतलं काही आहे का? दागिना घालून खेळता येत नाही.

यातल्या कुठल्याच गोष्टीला मी कधी शिट्टी वाजवली नाही. शर्ट बाहेर आहे? नुसतं त्या पोराकडे पाहून आपल्या कमरेला हात लावायचा. तो खोचतो. नखं वाढलेली आहेत? माझ्या खिशात शिट्टीबरोबर नेलकटर असायचं. पोरं रांगेनं यायची आणि कापून जायची. एकदा छिंदवाड्याला एका टीमच्या सातआठ जणांनी एकामागून एक नखं कापली. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "सर, दाढी पण करून द्या!"

कधी लेअपच्या रांगेत तेरावा पोरगा दिसायचा. अंगाला सुटेल असा शर्ट, ओठावर चांगली मिशी. यादीत नाव नाही. मग प्रशिक्षकाजवळ जायचं आणि हळूच विचारायचं, "हे कोण?" उत्तर ठरलेलं, "भाऊ आहे सर एकाचा, नुसता चेंडू टाकून राह्यला." मी म्हणायचो, "हो का? मग त्याला बाहेर बसून टाळ्या वाजवू द्या." बस. तेवढ्यानं काम व्हायचं. आता विचार करा, हेच मी मॅच सुरू झाल्यावर पकडलं असतं तर? पंचनामा, तक्रार, शाळेचं नाव खराब. वॉर्म-अपच्या वेळी पकडलं तर फक्त एक भाऊ बाहेर बसतो.

पुस्तकात नियम सगळे सारख्याच अक्षरात छापलेले असतात. शर्ट खोचण्याचा नियम आणि गळ्यातल्या साखळीचा नियम शेजारी शेजारी. कोर्टवर मात्र ते सारखे नसतात. मी मनात तीन खाती ठेवली होती. ज्यानं कुणाला दुखापत होईल ते ताबडतोब थांबवायचं, पण चारचौघांत कुणाचा पाणउतारा न करता. ज्यानं कुणाचं काही बिघडत नाही ते खुणेनं, वेळ देऊन सुधारून घ्यायचं. आणि जे एकदा सांगूनही मुद्दाम केलं, समोरच्याला डिवचायला केलं, तिथे शिट्टी. तिसऱ्या खात्यात फार थोडं जमा झालं. पण जे झालं त्याची चर्चा अजून चालू आहे.

२०१६ च्या हिवाळ्यातली गोष्ट. सौंसर आणि पांढुर्ण्याच्या पोरांची मॅच. ही दोन गावं समोरासमोर आली की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून गोटे मारणारी माणसं आपण, बास्केटबॉलमध्ये काय मागे राहणार? कोर्टभोवती दोन-तीन थरांत माणसं उभी.

एका टीममध्ये एक उंच, चपळ पोरगा होता. कोणत्या टीममध्ये ते सांगत नाही, उगाच पुन्हा सुरू व्हायचं. वॉर्म-अपमध्ये तो धावत आला, उडी मारून दोन्ही हातांनी रिंग धरली आणि लोंबकळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी कॅप्टनला बोलावलं आणि सांगितलं, "रिंगला लटकू नको म्हणा त्याला. वाकली तर आज मॅचच होणार नाही."

रिंगचं महत्त्व मला चांगलं ठाऊक होतं. आमच्या शाळेतली रिंग एकदा अशीच वाकली आणि नवीन यायला पुरं सत्र गेलं. तेवढं सत्र पोरांनी संत्र्याची टोपली बांधून खेळून काढलं. मी त्यांना सांगायचो, अरे, हा खेळ असाच जन्मला. १८९१ साली अमेरिकेत जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकानं पीच फळाच्या टोपल्या सज्जाला ठोकून पोरांना खेळवलं. तो सौंसरला असता तर संत्र्याची टोपली ठोकली असती. चेंडूचा रंग पाहिला तर मला अजूनही तसंच वाटतं.

अमेरिकेतही या रिंगनं पंचांना कमी ताप दिलेला नाही. तिथल्या कॉलेजच्या खेळात १९६७ पासून १९७६ पर्यंत डंकवरच, म्हणजे वरून हातानं चेंडू रिंगमध्ये कोंबण्यावरच बंदी होती. पुढे मॅचमध्ये तो चालू लागला, तरी वॉर्म-अपमध्ये कॉलेजच्या पोरानं डंक मारला तर टेक्निकल फाऊल बसायचा. ती अट त्यांनी २०१५ ला काढली. १९७९ मध्ये डॅरिल डॉकिन्स नावाच्या धिप्पाड खेळाडूनं एकाच मोसमात दोन काचेचे बोर्ड फोडले. त्यानंतर तिथल्या व्यावसायिक लीगनं स्प्रिंगच्या, जोर पडला की खाली झुकणाऱ्या रिंगा सक्तीच्या केल्या. आपल्याकडे स्प्रिंग कुठली? लोखंडी खांब, प्लायचा बोर्ड आणि चार बोल्ट. फिबाच्या नियमात वॉर्म-अपमध्ये डंक मारायला बंदी नाही. पण रिंगवर सगळं अंग टाकून लटकणं हा टेक्निकल फाऊल आहे. खाली पडताना स्वतःला वाचवायला धरली तर गोष्ट वेगळी.

तर त्या दिवशी कॅप्टननं निरोप दिला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. दोन मिनिटांनी तो पोरगा परत आला. या वेळी रिंग धरून त्यानं वर ओढून घेतलं, समोरच्या टीमकडे तोंड करून ओरडला आणि हातानं खूण केली. ती खूण इथे लिहिण्यासारखी नाही. बोर्ड करकरला. खाली बॉय म्हणून चेंडू गोळा करणारी दोन लहान पोरं उभी होती.

शिट्टी. टी ची खूण. टेबलावर नंबर.

पुढची पाच मिनिटं काय गोंधळ झाला! "मॅच सुरूच नाही झाली तं फाऊल कायचा?" "हे कोणतं पुस्तक काढलं गुरुजी?" प्रशिक्षक धावत आले. मी शांतपणे सांगितलं. मॅचच्या आधीचा वेळ हाही खेळाचा मधला वेळ धरला जातो. त्या वेळात यादीतला प्रत्येक जण खेळाडूच समजला जातो. फाऊल त्याच्या नावावर लागेल, टीमच्या पहिल्या क्वार्टरच्या खात्यात जाईल, समोरच्यांना एक फ्री थ्रो, आणि मग नेहमीसारखा मध्यावर चेंडू उडेल. आधी सांगितलं होतं का? होतं. कॅप्टनला विचारा. कॅप्टन बिचारा खाली मान घालून "हो" म्हणाला. त्या एका शब्दावर सगळं मिटलं. मी आधी बोललो नसतो तर पुस्तक माझ्या बाजूनं असूनही त्या गर्दीला मी अन्यायीच वाटलो असतो.

फ्री थ्रो पडला. एक-शून्यवरून मॅच सुरू झाली. ती टीम शेवटी तीन गुणांनी हरली. पण बाजारात, बसस्टँडवर, लग्नाच्या पंगतीत चर्चा त्या एकाच गुणाची. दोन-तीन वर्षांनीसुद्धा एक गृहस्थ मला म्हणाले, "मास्तर, त्या दिवशी तुम्ही हरवलं आम्हाले." मी म्हटलं, "दादा, तीनातून एक वजा करा न् सांगा." ते म्हणाले, "हिशोबाचं नका सांगू, मन खचलं होतं पोराईचं." यावर मी काय बोलणार? थोडं खरंही असेल ते. पण खाली उभ्या असलेल्या त्या दोन लेकरांच्या डोक्यावर बोर्ड आला असता तर हेच गृहस्थ मला विचारायला आले असते, तुम्ही काय पाहून राह्यले होते म्हणून.

आता दुसरी गोष्ट. ही मला जास्त जवळची आहे.

२०११ च्या सुमाराची. छिंदवाड्याला जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा होत्या. आपला भाग तेव्हा छिंदवाडा जिल्ह्यातच होता, पांढुर्णा जिल्हा २०२३ ला झाला. त्या दिवशीच्या खेळावरून जबलपूर संभागाच्या चाचणीसाठी पोरं निवडायची होती. एका टीममध्ये जामसांवलीच्या शेजारच्या खेड्यातला एक पोरगा होता. चौदा-पंधरा वर्षांचा, बुटका, पण चेंडू हातात आला की पाण्यासारखा वाहायचा. वॉर्म-अपमध्ये लेअप मारताना त्याच्या शर्टातून काळा गोफ बाहेर उडाला. त्याला चांदीचा छोटा ताईत.

समोरच्या टीमच्या प्रशिक्षकानंही ते पाहिलं. ते लगेच माझ्याकडे आले, "सर, या तो उतरवाइए या बाहर बिठाइए." मी म्हटलं, "देख लिया है. अभी समय है." घड्याळात सतरा मिनिटं होती.

मी पोराला हाक मारली नाही. त्याच्या प्रशिक्षकाला बाजूला घेऊन हळूच सांगितलं. पण ते होते तापट. त्यांनी तिथूनच आवाज दिला, "अबे, काढ ते गळ्यातलं!" सगळी टीम थांबली. पोरानं ताईत मुठीत धरला. म्हणाला, "सर, मी नाई खेळत. पण हे नाई काढत."

मंडळी, तुमच्यापैकी ज्यांच्या घरात असा गोफ कुणाच्या गळ्यात बांधला गेला आहे, त्यांना त्या पोराचं म्हणणं समजावून सांगायची गरज नाही. तान्हा असताना तो फार आजारी होता. आजी त्याला घेऊन जामसांवलीला राहिली होती आणि तिथून आल्यावर तिनं तो बांधला होता. तेव्हापासून अंघोळीलासुद्धा निघाला नव्हता. त्याच्या दृष्टीनं तो दागिना नव्हताच. पण माझ्या दृष्टीनं तो गळ्यातला दोरा होता. धावत्या अंगातल्या अशा दोऱ्यात समोरच्याचं बोट अडकलं तर काय होतं ते मी एकदा दुसऱ्या मैदानावर पाहिलं होतं. बोट वाकडं झालं आणि ज्याच्या गळ्यात साखळी होती त्याच्या मानेवर वळ उठला. दोघंही ओरडत होते.

मी बाकाच्या टोकाला त्याच्याजवळ उकिडवा बसलो. विचारलं, "कोणं बांधलं?"

"आजीनं."

"आजी कुठं हाय?"

"तिकडं. लिंबाखाली."

आजी डबा घेऊन सोबत आली होती. पोरगं पहिल्यांदा जिल्ह्याला खेळणार म्हणून बसनं आली होती. मी तिला बोलवायला पोरगं पाठवलं. दहा मिनिटं आधी प्रशिक्षकाला पहिल्या पाच जणांवर खूण करून सही करावी लागते. ते मला विचारू लागले, याचं नाव टाकू की नको? मी म्हटलं, "टाका. तोवर बघू." माझे जोडीदार पंच माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या मते नियम सांगून मोकळं व्हायचं, काढला तर खेळेल, नाही तर बसेल. ते चूक नव्हतं. नियम तेवढंच सांगतो.

आजी आली. नऊवारी लुगडं, हातात डब्याची थैली. मी नियमाचं नावच काढलं नाही. म्हटलं, "आजी, धावताना दुसऱ्या पोराचं बोट यात अडकलं तं बोट मोडते. न् याच्या गळ्याले फास बसते."

तिनं समोर खेळणाऱ्या पोरांकडे पाहिलं. "त्या लेकराईचं बोट मोडल?"

"हो."

"तं मंग काढा ना गुरुजी. दुसऱ्याच्या लेकराचं बोट मोडाले थोडी बांधला म्या!"

पण गाठ निघेना. चौदा वर्षांची गाठ, घामानं दगड झालेली. कुणीतरी कात्री आणली. आजी म्हणाली, "कात्री नाई लावाची." पाणी लावलं, दातानं ओढलं. तीन मिनिटं राहिल्याची शिट्टी झाली. दीड मिनिटाची झाली, पोरं बाकावर परतली. तेव्हा कुठे गाठ सुटली. आजीनं तो गोफ स्वतःच्या मनगटाला गुंडाळला आणि पोराला म्हणाली, "जाय. हनुमानजी माह्यापाशी बसून पाहते तुले."

पोरगा कोर्टवर गेला. मी समोरच्या टीमकडे गेलो. कारण मघाशी मी हेही पाहून ठेवलं होतं की तिथे एकाच्या मनगटात स्टीलचं कडं होतं. प्रशिक्षक म्हणाले, "सर, ये तो बचपन से है, निकलता नहीं." मी म्हटलं, "वो अम्मा बैठी हैं, उनसे पूछ लीजिए कैसे निकलता है." साबण आणला, कडं निघालं.

त्या वर्षी त्या पोराची संभागासाठी निवड झाली नाही. पुढच्या वर्षी झाली.

ही गोष्ट मला पुन्हा आठवली २०१४ च्या जुलैत. चीनमधल्या वुहानला आशिया चषकाचे सामने होते. त्याच स्पर्धेत आपल्या पोरांनी चीनला ६५-५८ असं हरवलं, तो मोठा पराक्रम. पण जपानविरुद्धच्या सामन्याआधी पंचांनी अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग यांना पगड्या उतरवायला सांगितल्या. डोक्यावर काही घालून खेळता येत नाही, असं तेव्हा पुस्तकात होतं. दोघांनी पगड्या काढल्या आणि खेळले. त्या पंचांनी पुस्तकाबाहेरचं काही केलं नव्हतं. पण पेपरात वाचताना मला आमची आजी दिसत होती. गोफामुळे बोट मोडू शकतं, हे मी आजीला सांगू शकलो आणि तिला ते पटलं. घट्ट बांधलेल्या पगडीनं कुणाचं काय मोडतं, हे त्या पंचांनी कुणाला काय सांगावं? याच प्रश्नावर पुढे बरीच चर्चा झाली, देशोदेशींच्या हिजाब घालणाऱ्या मुलींचाही तोच प्रश्न होता. शेवटी १ ऑक्टोबर २०१७ पासून फिबानं काही अटींवर डोक्यावरचं वस्त्र चालवून घेतलं. दागिन्यांचा नियम मात्र तसाच आहे. तो बदलावा असं मलाही वाटत नाही.

मला यातून एवढं समजलं की बारीकसारीक नियम सांगताना पंचाला 'का' हे ठाऊक पाहिजे. ज्या नियमाचं कारण मी एका खेड्यातल्या आजीला एका वाक्यात सांगू शकतो, तो मी कुणालाही पाळायला लावू शकतो, आणि त्यासाठी शिट्टी लागत नाही. ज्याचं कारण सांगता येत नाही, तो पाळायला लावावाच लागला तरी आवाज खाली ठेवून लावावा. आणि जे एका टीमला सांगितलं ते त्याच दिवशी, त्याच वॉर्म-अपमध्ये दुसऱ्या टीमलाही सांगावं. नाही तर त्या वीस मिनिटांत मिळवलेला विश्वास पुढच्या चाळीस मिनिटांत जातो.

आता माझे गुडघे धावू देत नाहीत. माझी एक विद्यार्थिनी आता पंचगिरी करते. मागे सौंसरला मॅच होती, तेव्हा मी खुर्ची टाकून बसलो होतो. वॉर्म-अपच्या वेळी ती पलीकडच्या रेषेवर हात मागे बांधून उभी. शेजारचे एक पालक मला म्हणाले, "या मॅडम नुसत्या उभ्याच आहेत." मी काही बोललो नाही. तिच्या कमरेच्या पाऊचमध्ये काय आहे ते मला माहीत होतं. नेलकटर, आणि चेनवाल्या छोट्या पिशव्या. प्रत्येक पिशवीवर खेळाडूचा नंबर टाकायचा, त्यात ताईत, कानातलं, अंगठी ठेवायची आणि पिशवी त्या पोराच्या घरच्या माणसाच्या हातात द्यायची. हे तिचं स्वतःचं डोकं, मी शिकवलेलं नाही. घरचं कुणी आलं नसेल तर पिशवी टेबलावर स्कोररजवळ, सगळ्यांना दिसेल अशी.

ही पोस्ट वाचणाऱ्यांत आपल्या भागातले जुने खेळाडू असतील. कुणाची नखं मी कापायला लावली असतील, कुणाचा भाऊ बाहेर बसवला असेल, तर खाली जरूर लिहा. आणि त्या एका गुणावरून ज्यांना भांडायचं आहे, त्यांनी संत्र्याच्या मोसमात घरी यावं. संत्री खात खात भांडू.